कॉर्डभर लाकडाची खरी किंमत

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मेन, न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंड या सहा राज्यांत, जुने घर विकत घेतले की त्याबरोबर पुष्कळदा एक वुडस्टोव्हही पदरात पडतो. वुडस्टोव्ह म्हणजे लाकडावर चालणारी, दार घट्ट बंद होणारी लोखंडी शेगडी. बॉस्टनच्या उपनगरांपासून न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआपर्यंत आता बरीच मराठी कुटुंबे राहतात. अपार्टमेंट सोडून पहिल्यांदा स्वतंत्र घरात आलेल्यांना पहिल्या थंडीतच प्रश्न पडतो, की ही शेगडी पेटवावी का आणि लाकूड विकत घेऊन ती परवडते का?

उत्तर आपल्याला स्वतःलाच काढावे लागते, कारण लाकडाला पेट्रोलसारखा फलकावर लावलेला भाव नसतो. दोन विक्रेते एकच आकडा सांगतात आणि एकाकडून दुसऱ्याच्या दीडपट उष्णता मिळते. ते कसे, हे एकेक पायरीने पाहू. खाली ‘समजा’ म्हणून दिलेले भाव हिशेबापुरते आहेत. आपल्या गावचे भाव घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

आधी माप. इथे लाकूड वजनावर विकत नाहीत, आकारमानावर विकतात. त्याचे माप म्हणजे कॉर्ड: 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब अशी नीट रचलेली लाकडाची थप्पी, म्हणजे 128 घनफूट. थप्पीत लाकडांमध्ये फटी राहतातच. त्यामुळे 128 घनफुटांत प्रत्यक्ष लाकूड साधारण 80 ते 90 घनफूटच असते. हा तोटा नव्हे, ते मापातच धरलेले आहे.

शेगडीत घालायच्या फोडींची लांबी बहुधा 16 इंच असते. त्यामुळे 4 फूट उंच, 8 फूट लांब आणि एका फोडीएवढी खोल अशी एक रांग म्हणजे कॉर्डचा फक्त तिसरा हिस्सा. हिला ‘फेस कॉर्ड’ म्हणतात. समोरून पाहिले तर ती पूर्ण कॉर्डसारखीच दिसते, आणि नव्या गिऱ्हाइकाची पहिली फसगत इथेच होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘कॉर्ड’ असते, फोनवर ‘फेस’ हा शब्द ओझरता येतो आणि पैसे मात्र पूर्ण कॉर्डच्या जवळपास जाणारे मागितले जातात.

बऱ्याच राज्यांच्या कायद्यात ‘फेस कॉर्ड’, ‘ढीग’, ‘ट्रकभर’ असले शब्द वापरून लाकूड विकायला मनाई आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर जाहिरातीत ‘कॉर्ड’ हा शब्दही चालत नाही, माप घनफुटांतच सांगावे लागते. तरी हे शब्द रोज कानावर पडतात. आपण वाद घालत बसू नये. एकच प्रश्न विचारावा: ‘नीट रचल्यावर किती घनफूट भरेल?’ ज्याचा धंदा सरळ आहे तो लगेच आकडा सांगतो.

दुसरी गोष्ट ढिगाची. पूर्वी पायलीने धान्य मोजताना हलवून, दाबून भरलेली पायली आणि वरून सैल ओतलेली पायली यांत जो फरक पडे, तोच फरक रचलेल्या थप्पीत आणि ट्रकमधून ओतलेल्या ढिगात असतो. मेन राज्याने हा फरक कायद्यातच मांडला आहे. तिथे 12 किंवा 16 इंची फोडी सैल ओतल्या असतील तर 180 घनफुटांना एक कॉर्ड धरतात, 24 इंची असतील तर 195 घनफुटांना. म्हणजे कोणी ट्रकच्या हौद्यात सैल टाकलेले 128 घनफूट ‘एक कॉर्ड’ म्हणून आणले, तर रचल्यावर ते 91 घनफुटांच्या आसपास भरते. जवळजवळ तीस टक्के गेले.

पिकअप गाडी ‘भरून’ आणणाऱ्यांचेही असेच. 8 फूट लांब हौद्याच्या मोठ्या पिकअपमध्येसुद्धा काठोकाठ भरल्यावर 70 ते 75 घनफूट जागा असते. त्यात सैल टाकलेले लाकूड अर्ध्या कॉर्डहून जास्त निघणे कठीण. शिवाय एक कॉर्ड सुके ओक साधारण 3,500 पौंड, म्हणजे 1,600 किलो भरते. साध्या पिकअपची स्प्रिंगे एका खेपेत तेवढे वजन पेलत नाहीत. एका फेरीत पूर्ण कॉर्ड आणतो असे पिकअपवाला म्हणाला, तर तिथेच थांबावे.

आता भाव मापाशी जोडून बघा. समजा एकजण पूर्ण कॉर्डचे 400 डॉलर मागतो आणि दुसरा ‘ट्रकभर’ लाकडाचे 300. दुसऱ्याचे लाकूड रचल्यावर 90 घनफूट भरले, तर त्याचा कॉर्डचा भाव 427 डॉलर झाला. स्वस्त वाटलेला माणूस महाग निघाला. किराणा दुकानाबाहेर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली गाठोडी तर विचारूच नका. असे एक गाठोडे बहुधा पाऊण घनफुटाचे असते. 7 डॉलरला एक धरले, तरी कॉर्डला 171 गाठोडी लागतात आणि हिशेब 1,200 डॉलरच्या घरात जातो. कॅम्पिंगच्या एका रात्रीसाठी ती ठीक आहेत, घर तापवायला नाहीत.

तिसरी पायरी ओलाव्याची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मापात फसवले गेलो तर तीस टक्के जातात. ओल्या लाकडात पैसे जातात आणि वर धोकाही घरात येतो.

नुकत्याच तोडलेल्या रेड ओकमध्ये वजनाचा 40 टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. ओल्या ओकची एक कॉर्ड सुमारे 2,200 किलो भरते, सुकल्यावर 1,600. हे मधले 600 किलो पाणी एक तर उन्हावाऱ्यात उडून जाते, नाहीतर आपल्या शेगडीत उकळून धुराड्यातून जाते. ते उकळायला लागणारी उष्णता आपणच विकत घेतलेली असते.

पण पाणी उकळण्यात जाते त्यापेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या वायूंत असते. ते पेटायला शेगडीचे पोट चांगले तापलेले लागते. ओल्या लाकडाने ते तापतच नाही. वायू न जळता धूर होऊन वर जातात. तो धूर धुराड्याच्या थंड भिंतींना लागला की तिथे काळा, डांबरासारखा थर जमतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर स्वतः ज्वालाग्राही असतो. तो धुराड्यात पेटला की आग शेगडीतून निघून घराच्या छतापर्यंत पोचते.

म्हणून लाकडात 20 टक्क्यांहून कमी ओलावा असावा, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. बाजारात लाकूड तीन नावांनी मिळते. ‘ग्रीन’ म्हणजे ओले. ‘सीझन्ड’ म्हणजे मोकळ्या हवेत सुकवलेले. ‘किल्न-ड्राइड’ म्हणजे भट्टीत सुकवलेले, जे सगळ्यात महाग असते. यातल्या मधल्या शब्दावर फार विसंबू नये. कोणी एक उन्हाळा ठेवलेल्या लाकडाला सीझन्ड म्हणतो, कोणी दोन वर्षे सुकवलेल्या. भट्टीतल्या लाकडाचीही खात्री करून घ्यावी, कारण काही वेळा ते किडे मारण्यापुरतेच तापवलेले असते आणि आतून ओलेच राहते.

फोनवर विचारायचा प्रश्न असा: ‘झाड कधी तोडले’ नव्हे, ‘लाकूड कधी फोडले’. अखंड ओंडक्याला साल असते, तिच्यातून पाणी फार सावकाश जाते. खरे सुकणे सुरू होते ते ओंडका कापून, फोडून, हवेशीर रचल्यानंतर. ‘दोन वर्षांपूर्वी तोडलेले झाड आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे अगदी खरे असू शकते, आणि तरी ते लाकूड गेल्या आठवड्यात फोडलेले, आत ओलेगार असू शकते. नव्या गिऱ्हाइकांच्या चुकांत ही मला सगळ्यात जास्त दिसते, कारण यात कोणी खोटे बोललेलेच नसते.

ओलावा मोजायला मॉइश्चर मीटर मिळतो. दोन टोकदार पिना असलेले, तळहातात मावणारे हे यंत्र वीसतीस डॉलरला येते. पहिल्याच खरेदीत त्याचे पैसे वसूल होतात. मात्र तो वापरायची रीत आहे. फोडीच्या बाहेरच्या अंगाला पिना टोचल्या तर आकडा फसवा येतो, कारण बाहेरचा भाग आधी सुकतो. फोड कुऱ्हाडीने पुन्हा मधोमध फोडावी आणि उघडलेल्या ताज्या अंगावर, तंतूंच्या दिशेने पिना दाबून आकडा वाचावा. एका फोडीवर थांबू नये. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून काही फोडी घ्याव्यात.

मीटर नसेल तर दोन फोडी एकमेकींवर आपटून पाहाव्यात. सुक्या लाकडाचा आवाज टणक आणि मोकळा येतो, ओल्याचा बद्द. टोकांना पडलेल्या भेगा आणि करडा पडलेला रंग पाहून अंदाज येतो, पण ओकच्या बाबतीत त्या भेगांवर विश्वास ठेवू नये. टोकाला भेगा आणि पोटात पाणी, हे ओकमध्ये नेहमी दिसते. जाड ओक सुकायला दोन उन्हाळे घेतो. अ‍ॅश, बर्च, मेपल यांचे बहुधा एका वर्षात भागते.

चौथी पायरी जातीची. सुक्या लाकडात किलोमागे उष्णता जवळपास सारखीच असते, मग ते ओक असो वा पाइन. फरक पडतो तो घनतेचा. आपण घनफुटांनी घेतो, म्हणून जड लाकूड घेतले की त्याच पैशांत जास्त किलो येतात. इथे उष्णता बीटीयू या एककात मोजतात. दहा लाख बीटीयू म्हणजे विजेचे सुमारे 293 युनिट. सुक्या रेड ओकच्या किंवा शुगर मेपलच्या कॉर्डमध्ये साधारण 240 लाख बीटीयू असतात. हिकरीत त्याहून थोडे जास्त, व्हाइट पाइनमध्ये 150 लाखांच्या आसपास. म्हणजे ओकला 400 डॉलर रास्त असतील, तर पाइनला 250 च्या वर देऊ नये.

पाइन जाळले की धुराडे पेटते, असा इथे जुना समज आहे. पण क्रिओसोट जमतो तो ओल्या लाकडाने आणि गुदमरलेल्या आगीने. सुके पाइन छान पेटते, फक्त लवकर संपते. शरद ऋतूतल्या सौम्य संध्याकाळी ते सोयीचे, जानेवारीच्या रात्री मात्र ओक हवा, कारण त्याचे निखारे पहाटेपर्यंत टिकतात. ‘मिक्स्ड हार्डवुड’ म्हणून जे मिळते ते रुंद पानांच्या झाडांचे मिश्र लाकूड. त्यात ओक किती आणि हलका पॉपलर किती, हे विचारून घ्यावे.

आता सगळे एकत्र करू. शेगडी लाकडातली सगळी उष्णता खोलीत देत नाही. ईपीएच्या कसोटीला उतरलेली नवी शेगडी 70 टक्क्यांच्या आसपास देते, जुनी त्याहून बरीच कमी. दिवाणखान्यातली उघडी फायरप्लेस दिसायला सुंदर असते, पण ती सगळी मिळून दहा टक्केही मुश्किलीने देते. वर घरातली तापलेली हवा खेचून बाहेर टाकते. फायरप्लेससाठी लाकूड घ्यायचे तर आनंदासाठी घ्यावे. घर तापवण्याच्या हिशेबात ती धरू नये.

240 लाखांचे 70 टक्के म्हणजे 168 लाख बीटीयू. 400 डॉलरची कॉर्ड घेतली, तर खोलीत आलेल्या दर दहा लाख बीटीयूला 24 डॉलर पडतात. न्यू इंग्लंडमधली खूप घरे हीटिंग ऑइलवर चालतात, म्हणजे तळघरातल्या टाकीतले डिझेलसारखे तेल. त्याच्या एका गॅलनमध्ये 1,38,500 बीटीयू असतात. बॉयलर 85 टक्के कामगिरीचा आणि तेल साडेतीन डॉलर गॅलन धरले, तर दहा लाखांना 30 डॉलर पडतात. साधे विजेचे हीटर असतील आणि युनिट 25 सेंट असेल, तर 73 डॉलर. चांगला हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे यंत्र, त्याच विजेवर 25 ते 30 डॉलरमध्ये काम करतो. पाइपने येणारा गॅस थर्म या एककात मोजतात. तो 2 डॉलर थर्मने मिळत असेल आणि भट्टी 90 टक्के कामगिरीची असेल, तर 22.

हे आकडे नीट पाहिले तर काही घरांचा निकाल लगेच लागतो. घरात पाइपचा गॅस असेल तर विकतच्या सुक्या लाकडाने पैसे वाचणार नाहीत. हीट पंप असेल तरी फार वाचणार नाहीत. विजेच्या साध्या हीटरवर घर असेल तर लाकडाने मोठा फरक पडतो. तेलाच्या घराचा निकाल मात्र काठावर आहे, म्हणून तो आणखी खोलात पाहू.

एक कॉर्ड सुके ओक साधारण 140 गॅलन तेलाचे काम करते. वर्षाला 800 गॅलन तेल लागणारे घर पूर्ण लाकडावर नेले तर पावणेसहा कॉर्ड लागतील. पण शेगडी एका खोलीत असते, लांबच्या खोल्यांपर्यंत ऊब पोचत नाही, आणि आपण नोकरीच्या वेळात आगीत लाकूड घालायला घरी नसतो. समजा आपण अडीच कॉर्ड जाळल्या. खोलीत 420 लाख बीटीयू आले. तेलाशी तुलना करता दर दहा लाखांमागे सहा डॉलर वाचले, म्हणजे वर्षाला 250. धुराडे दरवर्षी साफ करून तपासून घ्यावे लागते. त्याचे समजा 250 डॉलर झाले. शिल्लक शून्य. त्यावर शेगडी नव्याने बसवली असेल, तिला धुराड्याच्या आतून स्टीलची नळी घातली असेल, तर ते काही हजार डॉलर वेगळेच.

तरीही लोक लाकडावर पैसे वाचवतात, तर कसे? ते सुके लाकूड घेत नाहीत. ओले घेतात, लवकर घेतात आणि आपल्या अंगणात सुकवतात. समजा तीच कॉर्ड ओली असताना वसंतात 280 डॉलरला मिळाली. सुकल्यावर तिच्यात 240 लाख बीटीयूच आहेत. आता दहा लाखांना 17 डॉलर पडले. अडीच कॉर्डमागे साडेपाचशेच्या आसपास वाचले, आणि सफाई वजा जाता 300 डॉलर हातात राहिले. तेल साडेचार डॉलरवर गेले तर हाच आकडा साडेसहाशेच्या आसपास जाईल. विक्रेत्याला 400 देतो तेव्हा त्यातले 120 आपण त्याने वाट पाहिल्याचे देत असतो. ती वाट आपण पाहू शकतो का, यावर लाकडाचा सगळा व्यवहार ठरतो.

त्यासाठी जागा हवी आणि आधी अडकवायला पैसे हवेत. पहिल्या वर्षी हे बहुतेकांना जमत नाही, कारण या हिवाळ्याचे सुके आणि पुढच्याचे ओले, असे दुहेरी लाकूड घ्यावे लागते. ज्यांना जमेल त्यांनी पहिल्याच मे महिन्यात ते उरकावे. सगळ्यात महाग लाकूड असते जानेवारीत, पहिल्या वर्षाचा साठा संपल्यावर घाईने मागवलेले. तेव्हा सुके संपलेले असते आणि ‘सीझन्ड’ म्हणून जे येते ते बहुधा ओले असते.

याहून स्वस्त एक मार्ग आहे. ट्रकभर अखंड ओंडके आणून घ्यायचे आणि स्वतः कापून फोडायचे. त्याला चेनसॉ, लाकूड फोडायचे यंत्र, संरक्षक कपडे आणि अनुभव लागतो. ज्यांनी आयुष्यात चेनसॉ धरलेला नाही त्यांनी पैशांसाठी या वाटेला जाऊ नये. इथे होणाऱ्या दुखापती गंभीर असतात.

आता लाकूड घरी येण्याचा दिवस. ट्रक कुठे ओतणार हे आधी दाखवून ठेवावे. सेप्टिक टाकी आणि तिच्या नळ्यांवरून भरलेला ट्रक जाऊ देऊ नये, त्या खचतात आणि दुरुस्तीपुढे लाकडाचा खर्च काहीच नाही. ओतण्याआधीच काही फोडी खाली काढून, फोडून, मीटर लावून पाहाव्यात. एकदा ढीग अंगणात पडला की ‘परत न्या’ म्हणणे अवघड जाते. फोडींची लांबीही मोजावी. शेगडी 16 इंची असताना 18 इंची फोडी आल्या तर हिवाळाभर दार लागत नाही.

पावती मागावी. तिच्यावर विक्रेत्याचे नाव-पत्ता, प्रमाण घनफुटांत किंवा कॉर्डमध्ये, लाकडाची जात आणि किंमत असावी. शक्य असेल तर सगळे पैसे आधी देऊ नयेत. मग लाकूड लवकर रचून लांबी, उंची, खोली मोजावी. तिन्ही फुटांत घेऊन गुणावीत आणि 128 ने भागावे. माप ठळक कमी आले तर एकही फोड न जाळता फोटो काढावा, विक्रेत्याला फोन करावा आणि त्याने ऐकले नाही तर राज्याच्या वजन-माप खात्याकडे तक्रार करावी. थोडे जरी जाळले तरी मोजायला पुरावा उरत नाही.

रचताना चुका होतात त्या दोन. लाकूड थेट मातीवर ठेवले जाते आणि सगळे ताडपत्रीत गुंडाळले जाते. मातीतून ओल चढते, ताडपत्रीत ती अडकते आणि लाकडाला बुरशी येते. खाली लाकडी पॅलेट घालावेत. फक्त माथा झाकावा, बाजू उघड्या ठेवाव्यात. ऊन आणि वारा लागेल अशी जागा निवडावी. घराच्या भिंतीला टेकवून रचू नये, वाळवी आणि सुतारमुंग्या तिथून भिंतीत शिरतात. आत आणायचे ते आठवड्याला पुरेल एवढेच.

लाकूड जवळचे घ्यावे, याला किमतीपलीकडचे कारण आहे. 2002 साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगा सापडला. तेव्हापासून त्याने कोट्यवधी अ‍ॅश झाडे मारली. 2008 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरमध्ये दुसरा आशियाई भुंगा आढळला आणि शहराची हजारो झाडे तोडावी लागली. हे किडे स्वतः फार लांब उडत नाहीत, गाडीत घातलेल्या लाकडातून जातात. म्हणून न्यूयॉर्क राज्यात उष्णतेने निर्जंतुक न केलेले लाकूड 50 मैलांपलीकडे नेता येत नाही, आणि अनेक राज्यांत बाहेरचे लाकूड आणण्यावर बंधने आहेत. मित्राच्या दूरच्या शेतावरचे फुकट लाकूड गाडीत भरण्याआधी आपल्या राज्याचा नियम पाहावा.

शेगडी पेटवण्याआधी धुराडे प्रशिक्षित माणसाकडून तपासून घ्यावे, घर नवीन घेतले असेल तर नक्कीच. आधीच्या मालकाने काय जाळले हे आपल्याला ठाऊक नसते. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. रंगवलेले किंवा रसायन मुरवलेले लाकूड कधीही जाळू नये. अंगणातल्या जुन्या डेकच्या फळ्यांत आर्सेनिक असू शकते. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घरापासून लांब ठेवावी. विझलेल्या वाटणाऱ्या राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, आणि कागदी पिशवीत भरून ओसरीवर ठेवलेल्या राखेने इथे घरे जळली आहेत.

घरात कोणाला दमा असेल, लहान बाळ असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: पैसे वाचत असले तरी रोजची ऊब लाकडावर घेऊ नये. चांगल्या शेगडीचा धूरसुद्धा दार उघडताना थोडा खोलीत येतोच, आणि त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जातात. चुलीच्या धुराने आपल्याकडच्या बायकांच्या छातीचे काय झाले ते आपण घरोघरी पाहिले आहे.

एका गोष्टीची किंमत वरच्या हिशेबात धरलेली नाही. डिसेंबर 2008 मध्ये गोठणाऱ्या पावसाच्या वादळात न्यू इंग्लंडमधल्या विजेच्या तारा बर्फाच्या वजनाने तुटल्या. एकट्या न्यू हॅम्पशरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काहींकडे ती दोन आठवडे आली नाही. तेलाचा बॉयलर, गॅसची भट्टी, हीट पंप, सगळ्यांनाच वीज लागते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, यांवर चालणाऱ्या शेगडीलाही लागते. पेलेट वजनावर मिळतात आणि सुके असतात, त्यामुळे मापाची आणि ओलाव्याची कटकट त्यांत नाही. पण अंधारात पेलेटची शेगडी बंदच पडते. साधा वुडस्टोव्ह चालू राहतो, पाण्याचे नळ गोठत नाहीत, त्यावर भाताचे पातेले चढते. एवढ्यासाठी अर्धी कॉर्ड सुके लाकूड हाताशी ठेवावे, गॅसच्या घरातही. मात्र शेगडी बंदिस्त आणि धुराडे तपासलेले हवे.

मार्च संपताना थप्पीत काय उरले ते मोजावे. या वर्षी किती जळले तो आकडा त्यातून मिळतो. मे महिन्यात पुढच्या वर्षासाठी तेवढेच, आणि ओक असेल तर त्याच्याही पुढच्या वर्षासाठी, ओले लाकूड सांगून ठेवावे. थप्पीच्या टोकाच्या फोडीवर रचल्याचा महिना आणि वर्ष खडूने लिहावे, म्हणजे दोन वर्षांनी कोणती रांग आधी घ्यायची याचा गोंधळ होत नाही.